वहीवर शून्य, लॅपटॉपवर 18 : जीएसटी परिषदेला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
वस्तू व सेवा कर परिषद, नवी दिल्ली

विषय : घरगुती संगणकावरील कर आणि जुन्या संगणकांचा व्यवहार

महोदय, महोदया,

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे संगणक विक्री-दुरुस्तीचे दुकान आहे. नवे लॅपटॉप, असेंबल केलेले डेस्कटॉप, दुरुस्त करून विकलेली जुनी मशीन, प्रिंटरचे टोनर भरणे, पेन ड्राइव्हमधून उडालेला डाटा काढून देणे, अशी सगळी कामे एका गाळ्यात चालतात. आपल्या परिषदेच्या निर्णयांची आणि माझी गाठ पावतीच्या शेवटच्या ओळींत पडते. सीजीएसटी 9 टक्के, एसजीएसटी 9 टक्के, एकूण रक्कम. तिथपर्यंत नजर गेली की गिऱ्हाईक मान वर करून विचारते, "आणि बिलाशिवाय केवढ्याला पडेल?"

विचारणारा लबाड नसतो. बहुतेक वेळा तो पोरीच्या पहिल्या लॅपटॉपसाठी पैसे साठवून आलेला बाप असतो.

माझी मागणी आधीच सांगतो, म्हणजे पुढे ती शोधत बसावे लागणार नाही. घरात वापरायला घेतलेला संगणक, नवा असो की दुरुस्त करून विकलेला, 5 टक्क्यांच्या गटात आणावा. आणि जुन्या संगणकाच्या व्यवहाराचे नियम इतके स्पष्ट करावेत की तालुक्यातल्या दुकानदाराला पक्के बिल करताना धास्ती वाटू नये.

3 सप्टेंबर 2025 रोजी आपल्या 56व्या बैठकीत दर बदलले आणि 22 सप्टेंबरपासून ते लागू झाले. वह्या, पेन्सिली, खोडरबर, नकाशे शून्यावर आले. कंपासपेटी 12 वरून 5 वर आली. सायकल 5 वर, शिलाई मशीन 5 वर, ट्रॅक्टरही 5 वर. 32 इंचांहून मोठा टीव्ही आणि एसी 28 वरून 18 वर उतरले. लॅपटॉप आणि डेस्कटॉप मात्र होते तिथेच राहिले. त्यामुळे आज दिवाणखान्यातला भिंतभर टीव्ही आणि बारावी झालेल्या मुलीचा लॅपटॉप एकाच दराने विकले जातात. सायकलीचा, शिलाई मशीनचा दर आपण खाली आणलात हे फार चांगले केलेत. ती गरिबाच्या रोजच्या कामाची साधने आहेत. संगणकही आता तसेच साधन झाला आहे आणि अजून त्याची गणना तशी होत नाही, एवढेच मला ठासून सांगायचे आहे.

घरांत संगणक किती आहेत ते पाहू. 2011च्या जनगणनेत देशातल्या 9.5 टक्के घरांत संगणक किंवा लॅपटॉप होता. 2017-18च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75व्या फेरीत हा आकडा 10.7 टक्के आला : शहरांत 23.4, खेड्यांत 4.4. ही दोन सर्वेक्षणे तंतोतंत एकाच पद्धतीची नाहीत, तरी चित्र लपत नाही. याच काळात स्मार्टफोन वाडी-तांड्यापर्यंत पोचला, डाटा स्वस्त झाला, आणि घरातला संगणक जिथल्या तिथे राहिला. शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' या 2023च्या अहवालात ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वर्षांच्या मुलांकडे पाहिले गेले. स्मार्टफोन जवळपास प्रत्येक घरात होता, संगणक सुमारे 9 टक्के घरांत. ज्यांच्या घरी संगणक होता त्यांच्यातल्या 85 टक्के मुलांना तो चालवता येत होता. ज्यांच्या घरी नव्हता त्यांच्यात हे प्रमाण जेमतेम एक तृतीयांश. शाळेच्या संगणक कक्षाची कुलपे आणि तिथला आठवड्याचा एक तास काय देतो, ते या फरकावरून कळते. संगणक शिकायला तो घरात असावा लागतो, चुकत-माकत हाताळायला रात्री दहा वाजता मोकळा मिळावा लागतो.

फोन आहे की, असे म्हणणारे मला रोज भेटतात. मोठ्या पदांवरचेही भेटतात. त्यांनी एक दुपार माझ्या काउंटरपाशी बसावे. डिप्लोमाचा प्रोजेक्ट फोनवर टाइप करून आणलेली मुले येतात. मजकूर आलेला असतो, पण तक्ता पानाबाहेर गेलेला, आकृत्या विखुरलेल्या, देवनागरीची जोडाक्षरे फुटलेली. फाइल कुठे ठेवली आहे विचारले तर "व्हॉट्सॲपवर आहे" असे उत्तर येते. फोल्डर म्हणजे काय, एकाच फाइलच्या दोन प्रती झाल्या तर ताजी कुठली, एका खिडकीत पाहून दुसरीत कसे लिहायचे, हे त्यांना कुणी दाखवलेलेच नसते. मुले हुशार आहेत. पण बोटाने वर सरकवायच्या काचेवर ही कामे शिकता येत नाहीत. ती काच पाहण्यासाठी आणि बोलण्यासाठी घडवली आहे, लिहिण्या-मांडण्यासाठी नाही.

आणि परीक्षा मात्र आपण सगळ्यांनी मिळून संगणकावर नेऊन ठेवल्या. जेईई मेन 2019पासून संगणकावर, आपल्या राज्याची एमएचटी-सीईटीही त्याच वर्षापासून संगणकावर. बँकांच्या परीक्षा तशाच. 2023ची तलाठी भरती तशीच झाली. आमच्याकडे लातूरच्या क्लासेसचे वारे आहे, त्यामुळे हा विषय घराघरांत बोलला जातो. मुले सराव परीक्षा फोनवर देतात, त्यात प्रश्न चिमटीने मोठा करून वाचतात, आणि खऱ्या परीक्षेच्या दिवशी माऊस हातात घेतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात काही पालक मुलांना माझ्याकडे घेऊन येतात. "थोडा हात बसू द्या हिचा," म्हणतात. मी रिकाम्या मशीनवर बसवतो. तास-दीड तासात जमायला लागते. मुद्दा अवघडपणाचा नाहीच. ज्या मुलीच्या घरी लॅपटॉप आहे तिचा तो तास-दीड तास सातवी-आठवीतच होऊन गेलेला असतो, आणि तिचे सगळे लक्ष गणितावर असते.

आता जरा आपल्याच खात्याजवळचे उदाहरण देतो. आमच्या गावात किराणा, खत-बियाणे, हार्डवेअर, आडत अशा दुकानांचे जीएसटी रिटर्न कोण भरते, तर बी.कॉम. झालेल्या, टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकलेल्या मुली आणि सुना. घरी बसून भरतात. महिन्याच्या 11 तारखेपर्यंत जीएसटीआर-1 म्हणजे विक्रीचा तपशील, 20 तारखेपर्यंत 3बी म्हणजे कराचा गोषवारा. अशा एका ताईंनी माझ्याकडून जुना लॅपटॉप नेला होता. पंधरा दुकानांच्या खरेदीच्या पावत्या पिशवीत घालून त्यांच्याकडे येतात, स्वयंपाक आटोपला की त्या नोंदी करायला बसतात, आणि पोर्टलवरच्या 2बी या तक्त्यातले क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची मिळणारी वजावट, जुळत नसेल तर दुकानदाराला फोन करून त्याची चूक समजावून सांगतात. त्यांच्या लॅपटॉपची बिजागरी तुटली तर त्या पंधरा दुकानांचे रिटर्न अडते. त्यांची उलाढाल 20 लाखांच्या खूप खाली आहे, म्हणून त्यांना नोंदणीची गरज नाही, आणि नोंदणी नाही म्हणून लॅपटॉपवर भरलेल्या करातला एक रुपयाही त्यांना परत मिळत नाही. आपली करव्यवस्था ज्यांच्या हातांनी चालते त्यांच्या हत्यारावर आपण पूर्ण 18 टक्के घेतो.

इथे या पत्राचा गाभा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. संगणकावरचे 18 टक्के खरोखर भरते कोण? हिंजवडीतली कंपनी हजार लॅपटॉप घेते तेव्हा तिने दिलेला कर तिच्या क्रेडिटमध्ये जमा होतो आणि पुढच्या देण्यातून वजा होतो. निर्यात करत असेल तर परतावा मिळतो. वर प्राप्तिकरात संगणकावर वर्षाला 40 टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी वजावट, मिळतो. आमच्या गावातला नोंदणीकृत आडत्याही क्रेडिट घेतो. हे योग्यच आहे, जीएसटीची रचनाच तशी आहे. मग हा कर पुढे न ढकलता पदरात कोणाच्या पडतो? विद्यार्थी, शिक्षक, शेतकरी, रिटर्न भरणाऱ्या त्या ताई, गावोगावच्या बातम्या पाठवणारा वार्ताहर, घरी शिकवणी घेणारी बाई. आणि शाळा. शिक्षणसेवा करमुक्त आहे, त्यामुळे शाळेला क्रेडिट मिळत नाही. लोकवर्गणी काढून जिल्हा परिषदेच्या शाळेने पाच संगणक घेतले तर गावाने गोळा केलेल्या पैशांतून कर वेगळा काढून ठेवावा लागतो.

म्हणजे कागदावर सगळ्यांना सारखा दिसणारा हा दर प्रत्यक्षात मुख्यतः घरांना आणि शाळांना लागतो. ज्यांच्याकडे आधीच संगणक आहेत त्यांना तो लागत नाही, आणि ज्यांच्याकडे नाहीत त्यांना पूर्ण लागतो. असे व्हावे हा कोणाचा हेतू नसणार. पण होते आहे असेच.

रुपयांत सांगतो. करापूर्वी 35 हजारांचा साधा लॅपटॉप 18 टक्क्यांनी 41,300 ला जातो. 5 टक्क्यांनी तो 36,750 ला जाईल. फरक 4,550 रुपये. हप्त्यांवर घेतले तर त्या करावरही व्याज चढते. दिल्लीत किंवा मुंबईत हा फरक किरकोळ वाटेल. आमच्याकडे एवढ्या फरकापायी आठ जीबी रॅमच्या ऐवजी चार जीबीचे मशीन घेतले जाते, आणि ते दोन वर्षांत रडायला लागते. किंवा खरेदी पुढच्या सोयाबीनवर ढकलली जाते, आणि त्या वर्षी पाऊस काय करील ते सांगता येत नाही.

कारखान्यांसाठी सरकारने पुष्कळ केले आहे. मे 2023मध्ये आयटी हार्डवेअरसाठी 17 हजार कोटींची उत्पादन-प्रोत्साहन योजना आली. त्याच वर्षी 3 ऑगस्टला लॅपटॉप-टॅब्लेटच्या आयातीवर निर्बंध जाहीर झाले, ते लगेच पुढे ढकलले गेले आणि नंतर आयातीसाठी ऑनलाइन परवानगीची पद्धत आली. हे आपल्या परिषदेचे काम नाही, म्हणून त्यात शिरत नाही. एवढेच म्हणतो की देशात संगणक बनवायचे असतील तर ते घ्यायला घरेही हवीत. दहापैकी नऊ घरे बाजारात उतरलेलीच नाहीत. ती उतरली तर कारखान्याला कायमचे गिऱ्हाईक मिळेल.

आता जुन्या मशीनकडे येतो. माझ्या मते पुढच्या काही वर्षांत खेड्यांत संगणक पोचणार असेल तर तो मुख्यतः याच वाटेने पोचेल.

मोठ्या शहरांतल्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात. ते लिलावात निघतात, व्यापारी लॉट उचलतात, ए ग्रेड, बी ग्रेड अशी प्रतवारी होते, आणि त्यातले काही मशीन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, पुण्यातून आमच्यापर्यंत येतात. आलेले मशीन टेबलावर उताणे ठेवून तळाचे स्क्रू काढले की पहिल्यांदा पंख्याच्या जाळीत घट्ट बसलेला राखाडी धुळीचा थर दिसतो. तो ब्लोअरने आणि ब्रशने काढायचा. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली असते, ती पुसून नवी लावायची. जुनी हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी, म्हणजे तिच्याहून वेगवान साठवण, बसवायची. रॅमचा एक कप्पा रिकामा असेल तर भरायचा. बॅटरी निम्म्याच्या खाली गेली असेल तर बदलायची. बिजागरी सैल असेल तर तिच्या खालचा प्लास्टिकचा खांब तपासायचा, कारण खरा घोटाळा तिथे असतो, पुढे स्क्रीन उघडताना तो तुटतो. मग मशीन अर्धा दिवस चालू ठेवून तापमान बघायचे. पूर्वी चालू व्हायला चार-पाच मिनिटे घेणारे मशीन आता अर्ध्या मिनिटात उभे राहते. टॅली चालते, ऑनलाइन वर्ग चालतात, प्रोग्रॅमिंग शिकता येते. आमच्याकडे असा लॅपटॉप 12 ते 18 हजारांत पडतो. माझा मदतनीस पोरगा आयटीआय करून आला होता. आता तो मदरबोर्डवरचा जळालेला कपॅसिटर बदलतो, सूक्ष्मदर्शकाखाली हात न थरथरता डाग देतो. हे काम कुठल्याही कारखान्यात न जाता तालुक्याच्या गावात शिकता येते, इथेच त्यावर पोट भरता येते.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चा नियमित आधार, म्हणजे मोफत सुरक्षा-सुधारणा, संपला. विंडोज 11ला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, म्हणून धडधाकट असूनही असंख्य मशीन कंपन्यांच्या हिशेबी जुनी झाली. ती आता बाहेर पडत आहेत. यातली बरीच लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीवर, उत्तम चालतात. हे मी उत्साहाच्या भरात म्हणत नाही. केरळने आपल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षानुवर्षे लिनक्सवरच संगणक शिकवला, मुलांच्या परीक्षाही त्यावरच घेतल्या. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाचे लिनक्स तयार केले आहे आणि त्यात भारतीय भाषांची सोय आहे. माझ्याकडून लिनक्स घेऊन गेलेली गिऱ्हाइके पहिला आठवडा फोन करतात, नंतर करत नाहीत.

ही मशीन घरांत जातील की भंगारात, हे पुष्कळ अंशी करावर ठरणार आहे. जुन्या मालाच्या व्यापाऱ्यासाठी केंद्रीय जीएसटी नियमांत 32(5) आहे : खरेदी आणि विक्रीच्या किमतीतल्या फरकावर कर, अट अशी की खरेदीवर क्रेडिट घेतलेले नसावे, आणि माल आहे तसा किंवा त्याचे स्वरूप न बदलणारी किरकोळ प्रक्रिया करून विकलेला असावा. कॉलेज संपलेल्या मुलाने मला त्याचा लॅपटॉप विकला तर हा नियम छान लागू पडतो. कंपनीच्या लॉटमधून आलेल्या मशीनवर मात्र 18 टक्के आधीच लागलेले असतात. क्रेडिट घेतले तर मला पूर्ण विक्रीकिमतीवर 18 टक्के लावावे लागतात. क्रेडिट सोडले तर तो कर माझ्या खरेदीत मुरतो आणि वर फरकावरचा कर येतो. कुठल्याही वाटेने गेले तरी भार घरातल्या माणसावर येतो, तोही 14 हजारांच्या मशीनवर.

दुसरी अडचण 'किरकोळ प्रक्रिया' या शब्दांची. एसएसडी बदलली, रॅम वाढवली, बॅटरी नवी घातली, तर ती किरकोळ प्रक्रिया की नाही? मला विचाराल तर आहे. लॅपटॉपचा लॅपटॉपच राहतो. पण उद्या तपासणीत एखाद्या अधिकाऱ्याला तसे वाटले नाही तर जुन्या सगळ्या बिलांवर व्याज आणि दंडासह मागणी येऊ शकते. माझ्यासारख्या दुकानदाराला एक नोटीस म्हणजे वर्षाची कमाई. या धास्तीपोटी कितीतरी व्यवहार कच्च्यात होतात. कच्च्यात झाले की गिऱ्हाइकाला वॉरंटीचा कागद मिळत नाही, चोरीचे मशीन लॉटमध्ये मिसळले तर कळत नाही, आणि सरकारला काहीच मिळत नाही. तीन ओळींचे परिपत्रक काढून हा प्रश्न मिटवता येईल. जुन्या मोटारींसाठी आपण हे केलेले आहे. 2018मध्ये त्यांच्यासाठी वेगळी अधिसूचना निघाली, आणि जैसलमेरच्या 55व्या बैठकीत आपण तिचे दर पुन्हा बदललेत. मोटारीवर बहुतेकांना क्रेडिट मिळत नाही, म्हणून तिथला हिशेब वेगळा, हे मला मान्य आहे. पण जुनी वस्तू बाजारात फिरती राहावी म्हणून परिषद स्वतंत्र विचार करू शकते, हे त्यातून सिद्ध झाले आहे.

याच सुमाराला एक नवे संकट येऊन बसले. 2025च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव असे चढले की मी दिलेले कोटेशन आठवडाभर टिकेना. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांकडून येते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीत जास्त पैसा असल्याने उत्पादन तिकडे वळले. डिसेंबर 2025मध्ये मायक्रॉनने किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा आपला 'क्रुशल' ब्रँड गुंडाळत असल्याचे जाहीर केले. आमच्याकडे वर्षानुवर्षे डोळे मिटून विकला गेलेला माल होता तो. यावर आपली परिषद काही करू शकत नाही, मीही नाही. पण कर टक्क्यांत आहे. भाव दुप्पट झाला की कराची रक्कमही दुप्पट होते. घरगुती गिऱ्हाईक एकाच वेळी दोन्हीकडून दबते, आणि मोठा खरेदीदार आपला कर क्रेडिटमध्ये घेऊन मोकळा होतो.

आक्षेप काय येतील याची मला कल्पना आहे. पहिला महसुलाचा. कंपन्यांनी भरलेला कर क्रेडिटमधून फिरून जातो, त्यामुळे दर कमी केल्याने त्या बाजूने तिजोरीचे फार काही जात नाही. जाईल ते मुख्यतः घरांच्या आणि शाळांच्या खरेदीतले, आणि ती खरेदी आज फारच थोडी आहे. कच्च्यातले व्यवहार पक्क्यात आले तर त्यातले काही भरूनही निघेल. पूर्ण भरून निघेल असा दावा मी करणार नाही. शिक्षणासाठी थोडा महसूल सोडायचा असतो, वह्यांच्या बाबतीत आपण तो सोडलातच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो माझ्याच धंद्यातून येतो. तयार संगणक 5 टक्क्यांवर आला आणि मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, वीजपुरवठ्याचा एसएमपीएस 18 वरच राहिले, तर असेंबल करणाऱ्याचे क्रेडिट अडकेल. अशा उलट्या कररचनेचा, म्हणजे मालापेक्षा सुट्या भागांवर जास्त कर असण्याचा, परतावा मागता येतो, पण छोट्या दुकानदाराचे भांडवल त्यात महिनोन्महिने गुंतते. सप्टेंबर 2025च्या बैठकीत अशा परताव्यातले 90 टक्के तात्पुरते लगेच देण्याचे आपण ठरवलेत, तो मोठा दिलासा आहे. तरीही सगळ्यात सरळ उपाय म्हणजे मुख्य सुटे भागही सोबतच 5 वर आणणे. तसे केले तर दुसरा एक फायदा होईल : जुन्या मशीनला लागणारी एसएसडी आणि रॅमही स्वस्त होईल, आणि दुरुस्ती परवडेल. महागडी गेमिंग मशीन या सवलतीत येऊ नयेत असे वाटत असेल तर किमतीची मर्यादा घाला. 40 हजारांची घातली तरी माझ्या दुकानातली बहुतेक घरगुती गिऱ्हाइके तिच्या आत बसतील. हॉटेलच्या खोल्यांना, चपला-कपड्यांना आपण किमतीप्रमाणे दर लावलेच आहेत.

तिसरा आक्षेप असा की लोक आता ढगातला, म्हणजे इंटरनेटवरून चालणारा, संगणक वापरतील, टीव्हीला कीबोर्ड जोडतील, मग घरात यंत्र कशाला. टीव्हीवर चालणारे असे आभासी संगणक आपल्याकडे आले आहेत, आणि ज्यांच्याकडे चांगले फायबर आहे त्यांनी ते जरूर वापरावेत. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते, मागोमाग नेट जाते. लॅपटॉप बॅटरीवर तीन तास चालतो आणि त्यात भरलेला अभ्यास नेटशिवाय उघडतो. शिवाय दरमहा वर्गणी चुकली की संगणकच बंद, हे घरातल्या वस्तूच्या बाबतीत मला पटत नाही. विकत घेतलेली वस्तू आपली असते. ती उघडता येते, दुरुस्त करता येते, धाकट्या भावाला देता येते.

संगणकावरच्या कराला हात लावण्याचा प्रयत्न याआधीही झाला आहे. जुलै 2004च्या अर्थसंकल्पात संगणकांवरचे अबकारी शुल्क माफ झाले होते. 2006मध्ये ते 12 टक्क्यांनी परत आले, कारण सुट्या भागांवरचा कर मधे अडकत होता आणि देशी उत्पादकाला ते अडचणीचे झाले होते. म्हणूनच मी वर सुट्या भागांवर एवढा भर दिला. त्या वेळी राज्यांचा कर वेगळा, केंद्राचा वेगळा होता. आज दोन्ही एका टेबलावर बसतात आणि ते टेबल आपले आहे.

घटनेच्या कलम 279अ प्रमाणे परिषदेत राज्यांच्या मतांचे वजन दोन तृतीयांश आहे. म्हणून हे पत्र केंद्राइतकेच राज्यांच्या मंत्र्यांनाही आहे, आणि महाराष्ट्राच्या प्रतिनिधींना तर विशेष. संगणकाच्या क्षेत्रात आपल्या राज्याचे काम मोठे आहे. परम महासंगणक पुण्यात घडला, एमएस-सीआयटीने लाखो लोकांना पहिल्यांदा माऊस धरायला शिकवले. त्या लाखोंपैकी पुष्कळ जण प्रमाणपत्र घेऊन अशा घरी गेले जिथे संगणक नव्हता, आणि शिकलेले विसरले. त्यांच्यातली माणसे आजही दुकानात येऊन म्हणतात, "कोर्स केलाय हो मी, पण हात राहिला नाही."

माझी विनंती अशी की महाराष्ट्राने हा विषय फिटमेंट समितीकडे, म्हणजे परिषदेला दर सुचवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या समितीकडे, लेखी पाठवावा : घरगुती वापराचे संगणक आणि त्यांचे मुख्य सुटे भाग 5 टक्क्यांत, आणि नियम 32(5) मधल्या किरकोळ प्रक्रियेत एसएसडी, रॅम, बॅटरी, स्क्रीन आणि कीबोर्ड बदलणे येते असे स्पष्ट करणारे परिपत्रक. दराचा निर्णय व्हायला वेळ लागणार असेल तर परिपत्रक आधी काढावे, त्यासाठी तिजोरीतून काही द्यावे लागत नाही.

आमच्याकडे अभियांत्रिकी आणि डिप्लोमाचे प्रवेश जुलैच्या आसपास सुरू होतात आणि वर्षातली निम्मी घरगुती विक्री त्या दोन-तीन महिन्यांत होते. निर्णय त्याआधी झाला तर त्याच वर्षीच्या मुलांना उपयोग होईल.

आपला विश्वासू,
एक संगणक विक्रेता व दुरुस्ती कारागीर
जि. लातूर